पहिलं माप

३ ऑक्टोबर १९९९, रविवार

गव्हाणीत उसाची पहिली मोळी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पडणार, हे आज पक्कं झालं. कार्यालय अधीक्षक गुरुलिंगआप्पांनी स्वतः क्वार्टरवर येऊन सांगितलं. एकदा मोळी पडली की साखर कारखाना उन्हाळ्यापर्यंत थांबत नाही, त्यामुळे वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर त्याआधी बदलून झाला पाहिजे. जुन्या यंत्राला दोन हजार साल कळणार नाही म्हणून नवं यंत्र, त्यावर नवी सिस्टीम, आणि ती बसवायला मी. हंगाम नीट पार पडला तर औरंगाबादची नोकरी सोडून इथेच कायम व्हायचं, असं आप्पांचं आणि माझं ठरलं आहे.

औरंगाबादहून गेवराईमार्गे टेम्पोने सामान आणलं. आमची ईश्वरी ड्रायव्हरशेजारी बसून कापूस वेचणाऱ्या बायकांना टाटा करत आली. दोन खोल्या, मागे पेरूचं झाड, नळाला रोज पाणी. कावेरीने चूल कुठे मांडायची ते ठरवायच्या आधी पेरू तोडून खाल्ला. तिचं माहेर धर्मापुरी, याच जिल्ह्यात. इतक्या वर्षांनी माहेरच्या जिल्ह्यात आल्याचा तिला माझ्या नोकरीपेक्षा जास्त आनंद झालेला दिसतो.

संध्याकाळी तिघं काट्यावर जाऊन आलो. जमिनीत बसवलेला लांबरुंद लोखंडी पाट, त्याखाली खड्डा, शेजारी काचेची केबिन, आणि बाहेर गाडीवाल्यांना दिसावे म्हणून टांगलेले मोठे लाल आकडे. काटा लिपिक पंडित इथलाच आहे, माझ्याच वयाचा. त्याने हसत विचारलं, "तुमच्या यंत्राला दोन हजार साल कळत न्हाई म्हणून तुमी आलाव. आमच्या म्हाताऱ्याला चालू साल बी कळत न्हाई. त्येलाबी बदलून द्या की, सायेब!" ईश्वरीला ते लाल आकडे फार आवडले. पहिलीत गेल्यापासून दिसेल तो आकडा मोठ्याने वाचते.

८ ऑक्टोबर

काम अपेक्षेपेक्षा चिवट निघालं. जुना प्रोग्राम माझ्या आधीच्या धर्मराज नावाच्या ऑपरेटरने लिहिलेला. नव्या सिस्टीमवर तो उघडतच नाही. उघडला तर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन येतात, प्रिंटर अर्ध्या ओळीत थांबतो, आणि पडदा निळा होऊन सगळंच बंद पडतं. औरंगाबादला कंपनीत फोन केला. ते म्हणाले, जुन्याच्या मागे लागू नकोस, सरळ नवा लिही.

लिहायला घेतला. जुना नीट वाचून काढताना एक चमत्कारिक गोष्ट सापडली. रोज सकाळी सुरू झाल्यावर तो 'लाभ' असं विचारतो, आणि काट्यावर काहीतरी वजन आल्याशिवाय पुढे जातच नाही. पंडितने खुलासा केला. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ते माप जागेचं. काटा बसवलाय तिथे कारखान्याच्या आधी गावाचं खळं होतं, म्हणून रोज पहाटे उसाची एक मोळी काट्यावर ठेवून लाभ मोजायचा आणि ती तशीच कडेला सोडायची. संध्याकाळपर्यंत ती नाहीशी होते. गाई खात असतील, मी म्हणालो. पंडित म्हणाला, "गाई खाऊ द्या, न्हाईतर कुनी बी खाऊ द्या. पर लाभ काढू नका, सायेब."

नव्या प्रोग्रामची पद्धत बरोबर उलटी आहे. सुरू करताना काटा रिकामा लागतो. शून्य दाबायचं, मगच पहिली गाडी. जगभर असंच असतं. लाभ काढून टाकला.

जुनं यंत्र आप्पांनी कारखान्याच्या शाळेला देऊन टाकलं.

१३ ऑक्टोबर

नवी सिस्टीम आज चालू झाली. आप्पा हजर होते, शेतकी अधिकारी होते, पंडितने नारळ आणला होता. चाचणीसाठी काहीतरी वजन हवं होतं. ईश्वरी शाळेच्या गणवेशात तिथेच उभी. तिलाच म्हटलं, जा, पाटावर उभी राहा. हा काटा पाच-पाच किलोंनी मोजतो, त्यामुळे तिचं वजन नेमकं येणार नव्हतं, पण बाहेर मोठ्ठे लाल वीस उमटले. ती "वीस!" म्हणून ओरडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नोंद पहिली, ईश्वरी. पावतीही छापून निघाली, स्वच्छ मराठी अक्षरात. ती तिने दप्तरात ठेवली.

पंडितने टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरीच्या नावाची नोंद पुसता येईल का, असं त्याने नंतर विचारलं. मी हसलो आणि पहिलीच नोंद कशाला पुसायची म्हणालो.

२० ऑक्टोबर

गव्हाणीत मोळी पडली. ढोल, गुलाल, भाषणं. ऊसतोड टोळ्या आल्या आहेत, काट्यामागे त्यांच्या पाचटाने शाकारलेल्या कोप्या उभ्या राहिल्या. बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. यंत्र एकदाही अडलं नाही.

रोज सकाळी शून्य दाबल्यावर शाळेत जाता जाता ईश्वरी आधी पाटावर उभी राहते. मलाही बरं पडतं, यंत्र बरोबर चाललंय याची खात्री होते. रांगेत पुढे असणाऱ्या भिवराबाईने आज तिची थट्टा केली, "ही आली बगा काट्याची मालकीन! आमच्या गाडीला थोडं जास्त दे गं बाई." भिवराबाई नवऱ्याबरोबर तोडीला आली आहे, गाडी आणि बैल स्वतःचे.

एक बारीक अडचण आहे. सकाळी रिकामा काटा शून्य दाखवत नाही. पाच दाखवतो. पाटावर चिखल बसत असेल. धुऊन घेतला.

२६ ऑक्टोबर

ईश्वरी उभी राहिली आणि पंधरा आले. तिने "पंधरा" असं वाचलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, कालपर्यंत वीस होते.

काटा तपासला. प्रमाणित वजनं ठेवून पाहिली, सगळी बरोबर. मग नव्या सिस्टीमचाच दोष असणार असं धरून दुपारभर प्रोग्राम पाहिला. काही सापडलं नाही. सकाळचा रिकामा काटा मात्र आता दहा दाखवतो, धुतल्यावरही.

संध्याकाळी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वजन केलं, भुवया उंचावल्या, पोट तपासलं, जीभ पाहिली. मुलगी ठणठणीत आहे, दवाखान्याचाच काटा बिघडला असेल म्हणाले. घरी येताना तिला उचलून घेतलं. धुतलेल्या चादरींचं गाठोडं उचलावं तशी ती वर आली.

ती बारीक झालेली नाही. गाल तसेच आहेत. दंड तसेच आहेत.

३१ ऑक्टोबर, रविवार

आज शाळा नव्हती. ईश्वरी काट्यावर आली नाही. शून्य दाबल्यावर पहिली गाडी भिवराबाईची आली. वजन झालं, गाडी पाटावरून उतरून गव्हाणीकडे वळली, आणि भरलेली मागची बाजू खाली जाऊन गाडी उलाळली. दोन्ही बैल जुवाला अडकून वर गेले. पाय जमिनीपासून उचललेले, माना ताणलेल्या. बैल तसे लटकतात ते मी आधी ऐकलं होतं. पण ही गाडी नीट भरलेली होती, सगळ्यांनी सांगितलं. माणसांनी धुरेला लोंबकळून गाडी खाली आणली, तेव्हा एक बैल मेला होता.

मेलेला बैल ओढून बाजूला करायला दहा-बारा माणसं धावली. दोघांनीच तो नेला.

भिवराबाई रडत नव्हती. उरलेल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून ती मला म्हणाली, "आजारी न्हाईत, सायेब. हलकं झाल्यात."

१ नोव्हेंबर

रात्री पाऊस झाला. अंगणात चिखल. ईश्वरी पेरूच्या झाडापर्यंत जाऊन आली. चिखलात तिची पावलं उमटली नाहीत.

आज तिला काट्यावर येऊ दिलं नाही. पंडितला सगळं सांगितलं. त्याने मला मूर्ख म्हटलं नाही, म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, लाभ तर रोज जातोच, सायेब. पूर्वी मोळीचा जात होता. आता शून्यावर जो पहिला चढेल त्याचा जातो.

आणि पहिली तर रोज—

शाळेच्या दिवशी रोज मीच तिला उभी करत होतो.

२ नोव्हेंबर

कावेरी आणि ईश्वरीला धर्मापुरीला पाठवलं. कावेरीला खरं सांगितलं. तिने लेकीच्या फ्रॉकला खिसे शिवले आणि त्यात परसातले गोटे भरले. गाडी सुटताना म्हणाली, "अहो, तिला परत आहे तशी करून द्या. बाकी मला काही ऐकायचं नाही."

आता पहाटे मीच मोळी ठेवतो. गाडीच्या क्रमांकाशिवाय नवा प्रोग्राम वजन घेत नाही, म्हणून खोटा क्रमांक टाकतो. मोळी संध्याकाळी नाहीशी होते. बाकी कुणाला काही होत नाही.

पण गेलेलं परत येत नाही.

३ नोव्हेंबर

सासऱ्यांचा फोन. धर्मापुरीला त्यांचं किराणा दुकान आहे. साखरेची पोती तोलायच्या तराजूत त्यांनी नातीला बसवलं. दुसऱ्या पारड्यात गुळाची एक लहान ढेप ठेवली. ढेप खाली गेली. काट्यापासून लांब असूनही ती हलकी होतच चालली आहे.

परळीच्या डॉक्टरांना काही कळत नाही. ईश्वरी जेवत नाही. घास पोटात दगडासारखा बसतो म्हणते. पाण्याचा घोटही जड लागतो.

४ नोव्हेंबर

उमापूरला जाऊन आलो. धर्मराज तिथे राहतो. पदवीधर माणूस, आता मोटारी दुरुस्त करतो. मी कोण ते सांगितल्यावर त्याने एवढंच विचारलं, "पहिलं कुणाला उभं केलंत?"

त्यानेही पहिल्या वर्षी लाभ काढला होता. गंमत म्हणून धाकट्या भावाला उभं केलं होतं. नंतर एका म्हाताऱ्याने त्याला खळ्याची रीत सांगितली. माप चुकलं तर घरधन्याच्या घरातलंच दुसरं माप घालायचं आणि पहिलं परत मागायचं. दुसरं माप पहिल्यापेक्षा मोठं हवं. त्याने प्रोग्राममध्ये तशी सोय लिहिली. भाऊ बरा झाला, सध्या पुण्यात नोकरीला आहे.

दुसरं माप कुणाचं घातलंत, मी विचारलं.

त्याने आतल्या खोलीचं दार उघडलं. घरात एकही पंखा नव्हता. खिडक्या कापड लावून बंद केलेल्या. खाटेवर एक गोधडी, वरून दोरीने खाटेला घट्ट बांधलेली, मधोमध जात्याची तळी ठेवलेली. गोधडी वर-खाली होत होती. श्वासाबरोबर.

आई, तो म्हणाला. चार वर्षं झाली. बोलते. पण हळू बोलावं लागतं तिच्याशी, म्हणाला, आपला श्वास लागतो तिला.

निघताना त्याने जुन्या प्रोग्रामची फ्लॉपी दिली.

५ नोव्हेंबर

फ्लॉपी मोठ्या आकाराची. नव्या यंत्रात जातच नाही. दुसऱ्या यंत्रावरून उतरवून घेतली तर नवी सिस्टीम म्हणते, हा प्रोग्राम इथे चालणार नाही. तीच सोय मी नव्यात लिहिली. चालते. छापते. परत काही देत नाही. मोळी ठेवून ईश्वरीचं वजन परत मागितलं, काट्याने मोळी घेतली आणि शून्य दाखवलं.

आप्पांना सांगितलं. त्यांनी कपाळावरच्या भस्मावर बोट टेकवलं. मग म्हणाले, शाळेची किल्ली माझ्याकडे आहे.

७ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. जुनं यंत्र शाळेतून आणलं. मुलांनी त्यावर खेळ टाकलेत. साफ केलं. फ्लॉपी वाचली. प्रोग्राम उघडला— हिरवी अक्षरं, वळणदार, चौकोन नाहीत.

पण काट्याची नवी तार जुन्या यंत्राला बसत नाही. खाचा वेगळ्या. आकडे येतात ते उलटे येतात.

कावेरीचा फोन. पोरीला दिवे बघायला अंगणात न्यायचं होतं. नेलं नाही. वारा होता.

८ नोव्हेंबर

तार कापून डाग दिला. नाही. परत डाग दिला. आकडे येऊन जातात.

सासरे आता ढेप ठेवत नाहीत. किती ठेवतात ते सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, तुम्ही लवकर करा.

९ नोव्हेंबर

जुळलं.

हिरवी अक्षरं. लाभ— आणि खाली, परत. घराचं नाव विचारतं. माप कुणाचं, विचारतं. माझं.

पंडितला म्हटलं, कळ तू दाबायची. तो म्हणाला, मी न्हाई. आप्पांना म्हटलं. ते म्हणाले, अजून थांबून बघू. कशासाठी थांबू? कावेरी आज दोनदा रडली फोनवर. पोरीने सकाळपासून डोळे उघडले नाहीत. छातीवर हात ठेवायचीही भीती वाटते म्हणाली, आपला हात—

पंडित परत आला. म्हणाला, दाबतो.

१० नोव्हेंबर, सकाळ

पाटावर उभा राहिलो. बाहेर पासष्ट. रांगेतली माणसं खाली उतरून बघत होती, भिवराबाई सगळ्यांत पुढे. पंडितने कळ दाबली.

दुखलं नाही. आकडे उतरले. साठ. पन्नास. पाय पाटाला टेकलेत की नाही कळेना. चाळीस. मग लवकर लवकर.

भिवराबाईने धावत येऊन हाताला धरलं. तिनेच केबिनमध्ये आणून खुर्चीत बसवलं. मांडीवर ऊस तोडायचा कोयता ठेवला, आणि वर दोन विटा. म्हणाली, "हालू नका, भाऊ." सायेब म्हणाली नाही.

पेन जड आहे. दोन्ही हातांनी धरलंय.

पुढचं असं. पंडित मोळी ठेवेल, लाभ मोजेल, काटा जुन्या प्रोग्रामवर चालू होईल. रांगेतले ट्रॅक्टर भोंगे देतायत. दोन हजार साल आलं की हे यंत्र काय करेल ते आप्पा बघतील. मी त्यांना लिहून—

नको. ते नंतर.

सासरे दुकान उघडून तिला तराजूत बसवणार. मग कावेरी फोन करणार. ठरलंय. कधीही येईल.

पंडित बाहेर, मोळी ओढतोय. भिवराबाई टोळीच्या गाडीकडे गेली.

दार उघडं राहिलं. वाऱ्याने पानं— हात वर येतो मधेच. कोयता सरकतोय मांडीवरून—

फोन.

फोन वाजतोय. हात ठेवलाय रिसीव्हरवर. उचलत नाही. दोन्ही हात लावले. जागचा हलत नाही

तिचाच असणार

पंडितने ऐकलं. येतोय. पायऱ्यांवर आहे. तो उचलेल. कावेरी त्याला सांगेल, आणि तो मला सांगेल की ईश्वरीचं